सिरोंकाची तांबडी गाय

मसाई या गुराखी जमातीतला सिरोंका बारा वर्षं माराच्या अभयारण्यात पर्यटकांची जीप चालवत होता. त्या सकाळी वायरलेसवर दुसरा ड्रायव्हर कोइकाई ओरडला, "पळ लवकर! नाल्यापाशी सिंहिणींनी रानरेडा पाडलाय. तुझ्या पाव्हण्यांचं नशीब फळफळलं!"

सिरोंकानं गाडी हाणली. पोचला आणि त्यानं कचकन ब्रेक दाबला. रानरेडा कसला डोंबलाचा! त्याचीच तांबडी गाय होती. डाव्या कानाची खुणेची दुहेरी खाच त्यानंच पाडलेली. दुष्काळात धाकटा भाऊ चोरून इकडं चरायला गुरं घुसवायचा, हे त्याला ठाऊक होतं. गाय अजून जिवंत होती. पण इथं गाडीतून उतरायचं नाही, शिकारीच्या मधे पडायचं नाही. पाहुण्यांना रोज तोच हे बजावायचा.

"गप्प का बसलात? सांगा ना काहीतरी!" मागून एक बाई म्हणाली.

"सिंहिणी आधी नरडं धरतात," तो कसाबसा म्हणाला. त्याचा आवाज ओळखून गायीनं जीपकडं पाहिलं.

मग सिरोंका थांबलाच नाही. तिच्या पहिल्या वेताला तिला धीर देताना लावला होता, तोच हळू आवाज लावून तो सिंहांची माहिती सांगत राहिला, तिची मान पडेपर्यंत.