आठ तासांचा चार्जर

खोडाळ्याच्या बाजारात सेल आणि टॉर्च विकणारा एक जण बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक सेल तो कानाशी धरून हलवून बघतो, जणू आत कोणी बोलतंय.

आमच्या म्हाताऱ्याच्या कानाच्या मशीनसाठी त्याच्याकडून जास्त ताकदीचे सेल आणि चार्जर आणला. तरी मशीन दुपारीच बंद पडायचं. जव्हारच्या कचेरीत जमिनीच्या दाव्याची तारीख आली होती. साहेबाने विचारलेलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, तर दावा गेला. मी भांडायला गेले.

"आजी, हा चार्जर आठ तासांनी बंद होतो. सेल भरला की नाही, ते तो बघत नाही. असल्या जास्त ताकदीच्या सेलला दोनदा लावायचा."

"मग विकताना तोंड शिवलं होतं का?"

"तुमच्या गावाला लाईट जाते ना? परत आली की तो पहिल्यापासून आठ तास मोजतो. म्हटलं, आपोआप भरतील."

"नवीन तारा टाकल्यापासून लाईट जात नाही."

"मग चूक तारवाल्यांची," तो म्हणाला आणि पुढचा सेल हलवू लागला.

घरी आठ तासांनी मीच चार्जर बंद करून पुन्हा लावला. जव्हारला साहेबाचा शब्दन् शब्द म्हाताऱ्याला स्वच्छ ऐकू आला. साहेब म्हणाला, "पुढच्या महिन्यात या."