कुंडावरची चारपेडी वेणी

आधीच सांगते, मी या भुताखेतांच्या ग्रुपवर फक्त वाचायला येते आणि निम्मे अनुभव वाचून चिडते. पडदा हलला म्हणजे खिडकी उघडी होती, एवढं साधं लोकांना कळत नाही का! माझं कामच तसं आहे. बर्मिंगहॅमला एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासते. ब्रेक लागला नाही तर त्याला कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत मी जेवायला उठत नाही. त्यामुळे कॉमेंट्समध्ये अक्कल शिकवायला येणाऱ्यांनी जरा धीर धरा... तुम्ही जे सुचवणार आहात ते सगळं मी करून बसले आहे.

मागच्या हिवाळ्यात माझी आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. त्याच्या काही महिने आधी बाबा गेले. ते गेले तेव्हा मी विमानात होते. हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ आई एकटीच होती. नंतर तिथल्या नर्सने मला सांगितलं, की शेवटी शेवटी बाबा आईशी बराच वेळ बोलत होते. काय बोलले? माझं नाव काढलं का? मला तेवढंच हवं होतं. आईला विचारलं की उत्तर एकच – "शांतपणे गेले गं." आणि लगेच उठून ओटा पुसायला लागायची. ती दोन महिने होती. दोन महिने मी विचारत होते आणि माझा ओटा लखलखत होता.

ओटा पुसायची तोही डाव्या हाताने. उजवा खांदा पार धरला होता, हात छातीच्या वर जायचा नाही. केस मात्र सत्तरीतही कमरेपर्यंत. रोज सकाळी कामावर निघायच्या गडबडीत मी तिची वेणी घालायचे आणि रोज ती म्हणायची, "मंजू, भांग वाकडा काढलास." मला तीनपेडी येते, तीसुद्धा सैल. आता काय करणार!

मला एकच शौक आहे, ऑफ-रोडिंग, म्हणजे रस्ता सोडून डोंगरात, चिखलात गाडी घालणं. माझ्याकडे एक जुना फोर-बाय-फोर पिकअप आहे. नवऱ्याला त्यात मळमळतं, म्हणून मी कीथबरोबर जाते. कीथ आमच्या क्लबमधला रिटायर्ड गृहस्थ, अतिशय कमी बोलणारा. बर्फात एकट्या गाडीने जायचं नाही हा आमचा नियम, म्हणून आमच्या दोन गाड्या. त्यानेच एकदा सांगितलं होतं, की डर्बीशायरमध्ये बक्स्टनच्या पुढे डोंगरात त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीत एक छोटा झरा आहे, बाराही महिने कोमट असतो. आणि मी मूर्खासारखं हे आईसमोर बोलून गेले.

आईचं माहेर कोकणातलं, गावात गरम पाण्याचं कुंड. तिथे बसलं की सगळे सांधे मोकळे होतात यावर तिचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. झालं! तिची फ्लाइट पुढच्या आठवड्यात, आणि त्याआधीच्या वीकेंडला डर्बीशायरमध्ये तुफान बर्फ पडला.

"आई, आता नको. गुडघ्याएवढा बर्फ आहे तिथे."

"मग तुझा तो ट्रक काय दारात शोभेला ठेवलायस?"

मी गेले. खरं सांगू का, झऱ्यासाठी नाही गेले. एवढ्या लांब गाडीत दोघीच असू, उठून जायला ओटा नसेल, तर बोलेल, असा माझा डाव होता. जाताना दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिने मला बाहेरच्या मेंढ्या दाखवल्या.

रस्ता संपला तिथे आम्ही टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरून बर्फावर नीट बसतात. कीथ पुढे, मी त्याच्या चाकोरीत. अशा चढावर एकच गोष्ट करायची नसते, ती म्हणजे थांबणं. बरोब्बर मध्यावर आई किंचाळली, "थांब!" माझा पाय ब्रेकवर. "काय झालं?" तर म्हणे, "अगं, किती सुंदर दिसतंय. फोटो काढ ना." गाडी जी रुतली ती रुतली. कीथ खाली उतरला, त्याने फावडं काढलं. मग उकरा, दोर बांधा, ओढा. माझे मोजे ओले, डोकं तापलेलं, आणि आई आत बसून शेंगदाण्याचा लाडू खातेय.

झरा म्हणजे दगडांनी बांधलेला, दोन माणसं जेमतेम बसतील एवढा हौद. पलीकडे सरळ उभा खडक, अलीकडे आम्ही. पाण्यावर वाफ होती, चहूकडे कोरा बर्फ. आईने बोटं बुडवली. "हे गरम? आमच्या कुंडात फडक्यात बांधून तांदूळ शिजवतात. हे तर बाळाच्या अंघोळीचं पाणी."

मी माझे ओले मोजे पिळत बसले. बोलले असते तर भांडण झालं असतं.

मग तिने पिशवीतून माझी नवीकोरी डबल बेडची चादर काढली. कुंडावर बायका उतरायच्या तेव्हा एकीने आडोसा धरायचा, ही तिच्या गावची रीत. कीथला तिने हातवारे करून दगडी भिंतीपलीकडे पाठवलं. तो बिचारा थर्मास घेऊन गेला. त्याच्या गाडीची बॅटरी कमजोर, म्हणून तिचं इंजिन चालूच होतं, आणि ते जुनं डिझेल इंजिन घरघर घरघर करत होतं.

"आता तूही पाठ कर," आई म्हणाली.

"आई, मी तुझी मुलगी आहे."

"आडोसा धरणाऱ्याने बघायचं नसतं. पाठ कर."

तर मी अशी उभी – पाठीमागे हात फाकवून दोन्ही हातांत चादरीची टोकं, तोंड भिंतीकडे. आई तिचा जुना गाऊन घालून, केस क्लिपने वर बांधून, खडकाकडे तोंड करून पाण्यात बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज यायला लागला. हळू, एका लयीत. इंजिनाच्या घरघरीत शब्द कळेनात. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. "काही हवंय का गं?" असं मी ओरडले. तिचं ते बोलणं चालूच. माझी बोटं बधिर झाली होती. शेवटी मी खेकसले, "आई, आटप आता!"

"झालं," ती म्हणाली.

मी वळले. आईची वेणी घातलेली होती.

घट्ट, चकचकीत, चार पेडांची. भांग ओळंब्याने काढल्यासारखा सरळ. शेवटी रबर नाही, केसांचीच बट गुंडाळून गाठ मारलेली. खरं सांगते, मला भीती वगैरे काही वाटली नाही. मला राग आला. हात वर जातोय, तर दोन महिने रोज सकाळी माझ्याकडून कशाला घालून घेत होतीस?

पण त्या थंडीत बोलायला वेळ कुठे होता! तिला पुसलं, कपडे चढवले. गाऊन काढताना तिचा उजवा हात छातीच्या वर गेला नाही. ती कळवळली. तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं. बर्फात पावलं होती ती आमचीच, आमच्याच बाजूला. खडकाकडचा बर्फ कुणी बोटसुद्धा न लावलेला.

गाडीत हीटर लावला आणि म्हटलं, "वेणी कशी घातलीस?"

"मी?" ती हसली. "तूच घातलीस की. चारपेडी कधी शिकलीस गं? आज पहिल्यांदा भांग सरळ काढलास."

मला वाटलं टोमणा मारतेय. उतार होता, गाडी घसरत होती, मी स्टिअरिंग सांभाळत राहिले. टायरमध्ये परत हवा भरायला थांबलो तेव्हा कीथला विचारलं, कुणी आलं होतं का तिथे? तो म्हणाला, "नोबडी, लव्ह. जस्ट यू टू." (इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.)

आता तुमच्या शंका. गाडीत बसतानाच वेणी होती का? नव्हती, क्लिप मी स्वतः लावली होती. एका डाव्या हाताने जमेल का? घरी पोचल्यावर मी डावा हात एकटा वापरून माझ्याच केसांवर करून बघितलं, चार पेड सोडा, दोनसुद्धा धरता येत नाहीत. आईला विसरायला होतंय का? ती आजही सुडोकू पेनाने सोडवते. कारण सापडत नाही. मला ते सहन होत नाही.

पण मला जी झोप लागत नाही, ती त्यासाठी नाही. फ्लाइटच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मी शेवटचं विचारलं, "आई, आता तरी सांग. बाबा काय बोलले?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, सगळं सांगितलं ना तुला? वेणी घालत होतीस तेव्हा? अगदी पहिल्यापासून सांगितलं. तू मध्ये एक शब्द बोलली नाहीस, म्हणून तर सांगता आलं." तिचे डोळे भरून आले. "तुझ्याबद्दल म्हणाले तेव्हा तर तुझा हात थांबला होता केसांत. कळलं मला."

तोंडावर आलं होतं, आई, ती मी नव्हते. पण तिचा चेहरा... बाबा गेल्यापासून इतका हलका मी पाहिला नव्हता.

"परत एकदा सांगशील?" मी म्हटलं.

"नको गं. ते एकदाच निघतं तोंडातून. तू ऐकलंस ना? मग झालं."

"हो," मी म्हटलं. "ऐकलं."