वाडीची लेव्हल

"करा सही," साहेब म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पोलादपूर तालुक्यातल्या एका गावाची नळयोजना होती. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपातून गावठाणात आणायचं. पंप नाही, वीज नाही, पाणी उतारानं आपलं आपण येणार. याला आम्ही ग्रॅव्हिटी स्कीम म्हणतो. अट एकच, झरा वर हवा आणि नळ त्याच्या खाली. कागदाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘बौद्धवाडी झऱ्यापेक्षा उंचावर असल्याने तेथे पाणी देणे शक्य नाही.’

"साहेब, ही लेव्हल मी घेतलेली नाही."

"नानांनी घेतलीय. तुम्ही फक्त तपासल्याची सही करायची."

"मग तपासू द्या."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी महाडच्या ऑफिसात ज्युनिअर इंजिनियर होते. वय चोवीस, गाव सांगली, आणि ऑफिसातली एकुलती एक बाई. पहिले सहा महिने मला ड्रॉइंग टेबलावरून हलू दिलं नव्हतं, कारण बाईमाणसाला साइट झेपत नाही. नाना आमचे सीनिअर ओव्हरसियर. माणूस वाईट नव्हता. डब्यातली आंबोळी आधी मला देऊन मग खायचे. त्यामुळे त्यांच्याशी भांडणं जास्तच अवघड होतं.

मी लेव्हलबुक मागवलं. सर्व्हेत मोजलेल्या उंचीचं, म्हणजे लेव्हलचं, प्रत्येक रीडिंग या वहीत लिहावं लागतं. गावठाणाची रीडिंग सुवाच्य होती. वाडीच्या ओळीत आकडाच नव्हता. नुसतं ‘उंच’ लिहिलेलं.

"नाना, वाडीवर पट्टी कुठे धरली होती?"

"अहो, पाटलांच्या ओटीवरून समोर दिसते ती वाडी. वहाळाच्या पलीकडे, चढावर. डोळ्यांना दिसतं त्याला दुर्बीण कशाला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या ऑफिसची रीतच होती. जीप पाटलांच्या अंगणात थांबायची. गावठाणाचं काम दुपारपर्यंत उरकायचं. मग ओटीवर कोंबडी-वडे. ते पोटात गेल्यावर वहाळ, म्हणजे मधला ओढा, उतरून पलीकडे चढायची कुणाची टाप होती? वाडीचं सगळं ओटीवरूनच बघून लिहायचं.

मला ती वाडी ठाऊक होती. महाडजवळच्या बिरवाडीत मी आणि शोभा एका खोलीत राहायचो. शोभा तिथल्या शाळेत शिक्षिका आणि मूळची त्या बौद्धवाडीची. खोली शोधताना तिचं आडनाव ऐकून दोन घरमालकांनी मला बाजूला घेतलं होतं, "तुम्ही एकट्या या, तुम्हाला देतो." दोन्हीकडे मी चप्पल पायात घालून निघाले. तिसरी खोली गळकी होती, पण आमची होती. सुट्टीत मी शोभाच्या घरी गेले, तेव्हा तिची आई वहाळाच्या वाळूत खड्डा करून बसली होती. वाटीवाटीनं हंडा भरत होता. एका हंड्याला अख्खी सकाळ.

"जीप मिळणार नाही," साहेब म्हणाले. "पट्टी धरायला खलाशी पण नाहीत."

"चालेल."

"आणि ती तुमची मैत्रीण तिथलीच ना? मैत्रिणीसाठी लेव्हल फिरवली म्हणतील लोक."

याचा मात्र मला राग आला. त्याहून जास्त राग याचा, की लोक खरंच तसं म्हणणार होते. म्हणजे माझं एक रीडिंग जरी चुकलं तरी वाडीचा नळ कायमचा गेला.

शनिवारी मी रीतसर नोंद करून डम्पी लेव्हल घेतली. ही तिपाईवर बसवायची दुर्बीण. ती नजर बरोबर आडवी धरते, आणि समोर उभ्या पट्टीवरचा आकडा वाचून कुठली जागा किती वर, किती खाली ते कळतं. तिच्यातून जग उलटं दिसतं. आमच्या ऑफिसात राहून मला त्याची सवय झाली होती. रविवारी तिपाई एसटीच्या टपावर, दुर्बीण माझ्या मांडीवर, उंच पट्टी शोभाच्या खांद्याला टेकलेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तोफ घेऊन कुठं निघालात?"

"लढाईला," शोभा म्हणाली. "दोन पोलादपूर द्या."

पोलादपुरातून पुढे दीड तास चाललो. पट्टी धरायला शोभा आणि तिची आई. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावरून सुरुवात केली, झऱ्यापर्यंत गेलो, तिथून उतरून वाडीत आणि वाडीतून पुन्हा त्याच कठड्यावर. निघालो तिथेच परत यायचं याला कारण आहे. सगळे चढउतार मिळवून बेरीज शून्य यायला हवी. दोन-चार मिलिमीटरची चूक चालते. माझी आली चार सेंटिमीटर.

"मग काय झालं?" शोभा म्हणाली. "वाडी झऱ्याच्या खाली आहे ते तर दिसलं ना?"

दिसलं होतं. चांगली नऊ मीटर खाली होती. चार सेंटिमीटरनं काही बिघडत नव्हतं. पुष्कळजण एवढी चूक वहीतल्या सगळ्या रीडिंगांत थोडी थोडी वाटून टाकतात. पण साहेबांना नेमकी तीच चूक हवी होती. मी कठड्यावर बसून सगळी रीडिंग पुन्हा पाहिली. गणित बरोबर. मग शोभाच्या आईच्या काखेत गोणपाटाची घडी दिसली.

"आये, हे कशाला?"

"पट्टीखाली घातला गो. सरकारची वस्तू हाय, रंग दिलेली. मातीत कशी ठेवू?"

"सगळीकडे घातला?"

"नाय गो बाय. मधीच घावला. मंग घातला."

एकाच दगडावर पट्टीचं एक रीडिंग गोणपाटाशिवाय होतं आणि दुसरं गोणपाटाच्या घडीवर. तेच माझे चार सेंटिमीटर. शोभा हसत सुटली. आईचा चेहरा पडला. "माज्यामुलं नल जाईल का गो?"

"नाही जाणार," मी म्हटलं. "पुन्हा करू."

त्या उन्हात आम्ही सगळा फेरा पुन्हा मारला. आईनं या वेळी पट्टी अशी सरळ धरली की ऑफिसच्या खलाशांनी शिकावं. चूक आली दोन मिलिमीटर. वहीच्या पहिल्या पानावर पट्टी धरणाऱ्यांची नावं लिहितात. मी दोघींची पूर्ण नावं लिहिली.

सोमवारी साहेबांनी पहिलं पानच धरलं. "ही नावं खोडा. या काय खलाशी आहेत?"

"पट्टी त्यांनीच धरली."

"मी स्वतः जाऊन तपासीन."

"अवश्य या, साहेब."

चार दिवसांनी आम्ही जीपनं गेलो. जीप सवयीनं पाटलांच्या अंगणात थांबली. ओटीवर चटया घातलेल्या होत्या.

"आधी चहा," नाना म्हणाले.

"चहा वाडीवर ठेवलाय," मी म्हटलं आणि तिपाई खांद्यावर घेऊन वहाळाकडे चालू लागले. मागं वळून पाहिलं नाही. जरा वेळानं मागून साहेबांच्या बुटांचा आवाज आला.

साहेबांनी स्वतः रीडिंग घेतलं. वही पाहिली. पुन्हा रीडिंग घेतलं. मग नानांकडे बघून म्हणाले, "नऊ मीटर खाली आहे हो." शोभाच्या आईनं चहा आणला. साहेबांनी अर्धा कप प्यायला. नानांना नेमकं त्याच दिवशी पित्त झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात नळ आला. उद्घाटन गावठाणात झालं, फोटोही तिथेच निघाले. दगडावर सहा नावं कोरली, त्यात आमचं एकही नव्हतं. माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला, ‘कामात चोख, परंतु हट्टी.’ खुलासा मागितला होता. मी लिहून दिलं, ‘शेरा मान्य आहे.’ तो कागद अजून माझ्यापाशी आहे.

नोकरीतली तीस वर्षं मी नव्या पोरांना एकच सांगत आले, जिथली लेव्हल हवी तिथे पट्टी नेऊन टेकवा. ओटीवरून सगळ्यांचीच घरं दिसतात, पण लेव्हल दिसत नाही.

उद्घाटनाला आम्ही दोघी गेलोच नाही. थेट वाडीत गेलो. शोभाच्या आईनं नळ सोडला, मग पुन्हा बंद केला आणि घरात जाऊन तोच गोणपाट घेऊन आली. चार घड्या करून नळाखाली अंथरला आणि त्यावर हंडा ठेवला.

"आता घातला तर चालंल ना गो?"