टीव्हीतल्या मास्तरापुढं पदर

मालक गेले तवापासून परगावी जायला मला सोबतीला कुणी नाय. लेक दिली गंगापूरला. तिच्या दुसऱ्या पोराच्या बारशाला पाचोडहून निघाले, औरंगाबादच्या स्टँडवर कुणीतरी दाखवलेल्या गाडीत बसले अन् जालन्याला उतरले. मागारी फिरून गंगापूरला पोचले तवर घुगऱ्यासुदिक संपल्या व्हत्या. नातवाचं जावळ तरी चुकवायचं नाय, बोर्ड वाचूनच गाडीत बसायचं, असं ठरवलं.

तवाच गावच्या शाळेत दुपारी बायांचा वर्ग निघाला. शिकवायला टीव्ही आला. शाळेतली बाई कॅसेट घालून बटन दाबायची अन् बाजूला स्वेटर विणत बसायची.

टीव्हीत एक मास्तर. सरळ आमच्याकडंच बघायचा. सासूबाई पुढं बसलेल्या, म्हणल्या, "पदर घ्या गं, परका माणूस बघायलाय."

सगळ्या सुनांनी नाकापतोर पदर ओढले. अक्षरं कुणाला दिसतेत? ऐकून नुसतं म्हणायचो.

मी म्हणलं, "आत्याबाई, त्याला आपण दिसत नाय."

"तुला काय ठावं? आंधळा हाय का त्यो?"

मंग आम्ही टीव्हीच्या काचेवर मास्तर दिसायचा त्या अर्ध्याला टावेल लावला. उरल्या अर्ध्यात अक्षरं. मास्तर फिरत फिरत अक्षरांकडं आला की परत पदर.

तेवढ्यातही मी शिकले असते. पण 'ग' आला की कॅसेट अटकायची. मास्तराचं तोंड वेडंवाकडं व्हायचं अन् गाडी सरळ 'घ' वर. मला नेमका 'ग' पायजे. मास्तराला दोनदा इचारलं, त्यो घराचंच सांगत राहिला.

शेवटी बाईला म्हणलं, "बाई, मला नुसतं गंगापूर येऊ द्या. बाकीचं टीव्हीला ठेवा."

बाईनं सुया खाली ठेवल्या. माझं बोट धरून भुईवरल्या धुळीत गिरवलं. "उमगलं का?"

"नाय."

"मंग परत."

हे उमगलं का म्हणून त्या मास्तरानं कधी इचारलं नव्हतं. जावळाच्या आदल्या दिवसापतोर मी चुलीच्या राखंतसुदिक गंगापूर लिहीत व्हते.

औरंगाबादच्या स्टँडवर गेले. कुणाला काय इचारलं नाय. बोर्ड वाचला, परत वाचला, खिडकीत जाऊन बसले.

कंडक्टर म्हणला, "मावशी, कुठं?"

"गंगापूर."

"ही पैठणला चाललीय. बोर्ड बदलायचा राहिला."

"मंग बदला," मी म्हणलं, अन् उतरले.

शेजारच्या गाडीचा बोर्ड वाचला, गंगापूरच. जावळाला मी सगळ्यांच्या आधी पोचले.