लांबूनच हळू

आभाळात एखादं विमान घिरट्या घालताना दिसलं, की ते हातातली पिशवी खाली ठेवायचे, बोटानं हवेत गोल काढायचे आणि म्हणायचे, "लांबूनच हळू यायचं होतं, बाबा."

मळवली स्टेशनाबाहेर भाजी घेताना तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले, जेट विमानं चालवून निवृत्त झालेले कॅप्टन.

आमची ओळख भांडणातून झाली. 'आकाशातली उधळपट्टी' हे माझं पत्रक मी त्यांच्या हातात कोंबलं. विमानांनी जमेल तितकं हळू उडावं, ही माझी मागणी त्यांनी तिथंच पेन काढून खोडली.

"फार हळू गेलं तर तरंगत राहायलाच जास्त जोर लागतो, इंधन वाढतं. उतरायला उशीर आहे हे कळलं, की लांबूनच बेताचा वेग धरायचा. घाईनं यायचं आणि मुंबईच्या डोक्यावर गोल गोल फिरायचं, ही खरी उधळपट्टी. लिही, पत्रकवाली!"

मी हट्टानं नाही लिहिलं. महिन्याभरानं लिहिलं. पुढं माझं प्रत्येक पत्रक त्यांच्या पेनाखालून जाऊ लागलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची फुफ्फुसं थकली. परदेशातली लेक भेटायला निघणार होती, तिची सुट्टी पंधरा दिवस पुढं गेली. त्या दिवसापासून त्यांनी फिरणं सोडलं, जिना सोडला, बोलणंही सोडलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी नवं पत्रक घेऊन धडकले. बंगला सांभाळणाऱ्या मावशींनी दार अडवलं.

"आज न्हाई. त्यास्नी बोलाया लावू नका. लेकीसाठी दम राखून ठेवलाय त्यांनी."

"मावशी, उद्या छपाई आहे. दोनच मिनिटं!"

"तुमची दोन मिनिटं म्हाईत हायेत मला."

आतून खोकला आला. मग, "येऊ दे तिला."

तासभर बसले मी. वाद घातला. ते एकेका शब्दाला थांबत उत्तर देत होते आणि मी त्या थांबण्याला माघार समजत होते.

"पटलं?" निघताना त्यांनी विचारलं.

"अर्धं."

ते हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला. तिसऱ्या दिवशी लेक आली. दोन दिवस तीच बोलत राहिली. मग ते गेले.

"शेवटपर्यंत माझ्या तळहातावर गोल काढत होते," ती मला म्हणाली. "काय सांगायचं असेल हो बाबांना?"

पत्रकात मी कुणालाही सोडत नाही. तिला एवढंच म्हणाले, "तुमची वाट बघत होते."

त्या तासाबद्दल बोलले नाही.