सहा जणांचं पाणी

आईला सोडून मी मालिकेचा शेवटचा भाग एकट्याने बघून टाकला.

चूक एवढीच. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण आमचं ठरलेलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी डोंबिवलीहून रिक्षाने कल्याणला जायचं, आईने डायलिसिसच्या खाटेवर चार तास पडून राहायचं, मी शेजारी स्टुलावर बसायचं आणि माझ्या मोबाईलवर दोघांनी मिळून अवकाशयानाची मालिका बघायची. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. घरी बघायचं नाही. हा नियम तिनेच केलेला. "घरी बघून संपवलं तर तिथे काय करू, पंखे मोजू?"

मालिका मी निवडलेली. अवकाशातल्या सिनेमांचं मला लहानपणापासून वेड, आणि वेड असलं की आपल्याला त्यातलं कळतं असंही वाटायला लागतं. पहिल्याच दिवशी मी आईला समजवायला गेलो, की हे डायलिसिसचं मशीन आणि यानातली यंत्रं म्हणजे एकाच जातीची. माणसाच्या आतलं काम बाहेरून करणारी. सांगता सांगता रक्ताच्या नळीवर कोपर टेकवलं. मशीन कोकलायला लागलं. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून जागे झाले, टेक्निशियन मुलगी धावत आली.

"काका, जरा लांब बसा हं."

आई शांतपणे म्हणाली, "अंतराळ राहू दे. आधी कोपर काढ."

रत्नागिरीकडच्या खेड्यात वाढलेली, पुढे पंचवीस वर्षं डोंबिवलीत बालवाडी चालवलेली ही बाई शनीच्या एका चंद्राकडे निघालेल्या सहा माणसांत काय रमणार, असं मला वाटलेलं. हिंदीत डब केलेली मालिका, अर्धा वेळ नुसता काळोख. पण तिसऱ्या भागात यानाची पाण्याची टाकी फुटली आणि आई उशीवर वर सरकून बसली. कप्तान सगळ्यांना पाणी मोजून द्यायला लागला होता.

मोजलेलं पाणी हा आईचा प्रांत. तिच्या किडन्या काम करत नव्हत्या, प्यायलेलं सगळं अंगातच साठायचं, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलेलं. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचा घोटही आला. तिने एका बाटलीवर नेलपॉलिशने लाल रेघ मारलेली. सकाळी रेघेपर्यंत भरायची, आणि कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी मोजून तुळशीला घालायचं. खाटेवर चढण्याआधी वजन व्हायचं. ते जास्त भरलं की टेक्निशियन डोळे वटारायची, "आजी, शहाळं प्यायलात ना?" कोकणातल्या बाईला शहाळं बंद. आई म्हणायची, "याच्यापेक्षा तुरुंग बरा."

त्यामुळे ती त्या यानाची सातवी प्रवासी झाली. "अरे, गटागटा काय ढोसतोय तो! घोट तोंडात धरून ठेव म्हणावं." "बर्फाचा खडा चोखायला द्या की त्याला." सहा जणांत एक म्हातारी होती, यानातल्या भाज्यांचे वाफे सांभाळणारी. ती आईची लाडकी. "बघ, नुसते ओठ ओले करते. तिला कळतं." यानातल्या डॉक्टरने हिशेब सांगितला, की पोहोचेपर्यंत पाणी पाच जणांनाच पुरेल. त्या दिवशी परतताना पत्रीपुलावर रिक्षा अडकलेली, आणि आई बोटांवर मोजत होती. "पाणी पाचांचं. तोंडं सहा. काय करतील रे?"

"काहीतरी करतील. मालिका आहे."

आणि मग एका रविवारी दुपारी, आई झोपलेली असताना, मी शेवटचा भाग लावला. फक्त पाच मिनिटं बघणार होतो. (माझ्या बहुतेक मूर्खपणांची सुरुवात पाच मिनिटांनीच झालेली आहे.) म्हातारी आपल्या वाट्याचं पाणी घेणं बंद करते. लपवत नाही. कप्तानाला सरळ सांगते, मी ठरवलंय, तू फक्त जवळ बस. कप्तान थोडा वेळ बसतो आणि मग उठून एक यंत्र दुरुस्त करायला जातो. ते यंत्र बिघडलेलंच नसतं. परत येतो तेव्हा ती वाफ्याशेजारी गेलेली असते.

मी मोबाईल पालथा ठेवला. आतल्या खोलीत आई घोरत होती.

त्याच आठवड्यात तिच्या डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये गाठून सांगितलेलं, की हृदय थकलंय, डायलिसिस चालू असतानाच बीपी पडतंय, आता फार आशा धरू नका. हे मी आईला सांगितलेलं नव्हतं. आता मालिकेतली म्हातारीही लपवायची होती. मंगळवारी मी ठोकून दिलं, "शेवटचा भाग अजून आलेला नाही. दिवाळीनंतर येईल." पुरावा म्हणून 'लवकरच येत आहे' असं लिहिलेला एक फोटो दाखवला. आईने चष्मा वर केला.

"हा तर स्वयंपाकाचा कार्यक्रम आहे."

मग मी दुसऱ्या यानांच्या मालिका लावल्या. एकीत रोबो होते, एकीत सगळे एकमेकांच्या प्रेमात. आई बघायची, पण पाणी मोजत नसलेल्या माणसांत तिचं लक्ष लागत नव्हतं. मधेच इअरफोन काढून म्हणायची, "मला तुझ्याशी थोडं बोलायचंय." मी म्हणायचो, "हा भाग संपू दे." भाग संपला की लगेच पुढचा चालू व्हायचा. मोबाईलची ती सोय मला तेव्हा फार उपयोगी पडली. दोन महिने पडली.

बायको एकदा म्हणाली, "तू सांगणार आहेस, की मी सांगू त्यांना?"

"काय सांगायचं?"

"कुठलंही. दोन्हीतलं."

गणपतीच्या आधीच्या शनिवारी सुई लागत नव्हती. टेक्निशियनने तीनदा टोचलं. आईचा हात काळानिळा झाला, तरी तिने चूं केलं नाही. मशीन सुरू झाल्यावर मला वाटलं, हिला काहीतरी चांगलं सांगावं. मी म्हटलं, "अगं, त्या मालिकेचा शेवट वाचला मी. सगळे सुखरूप पोहोचतात. म्हातारी तिथे वाफे लावते."

आईने डोळे उघडले. "सहाच्या सहा?"

"हो."

"मग ती कुणाच्या वाटचं पाणी प्यायली?"

अवकाशातलं कळणारा मी. खोटं रचताना पाण्याचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि रचलं होतं कुणासमोर, तर रेघ मारलेल्या बाटलीवर तीन वर्षं काढलेल्या बाईसमोर. ती बाटली आजही आमच्या ओट्यावर आहे. मी ती रेघेच्या वर भरू शकतो. भरत नाही.

"मेली ना ती?" आईने विचारलं.

मी मान डोलावली.

"मी विचारलंय डॉक्टरांना," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात. तुला सांगणार होते, पण तुझा भागच संपेना. गणपती झाले की मी इथे यायची बंद होणार. शेवटी गावी नेशील तर ने. आता तो भाग लाव."

"आई, ते नंतर..."

"लाव म्हटलं ना!"

मी लावला. एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. ती बघत होती. म्हातारीने पाण्याची पिशवी परत केली तेव्हा आई हलकेच "हं" म्हणाली, बालवाडीत पोराचं गणित बरोबर आल्यावर म्हणायची तशी. मग म्हातारी कप्तानाला म्हणाली, जवळ बस. पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. मी स्टुलावरून उठलो आणि मशीनकडे वळलो. ते वाजलेलं नव्हतं. तरी मी त्याचे आकडे वाचायला लागलो. माझ्या उठण्याने वायर ताणली गेली आणि आईच्या कानातलं टोक निघून चादरीवर पडलं.

पडद्यावर कप्तान त्याच्या यंत्रापुढे उभा होता. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मरायचंय मला," ती म्हणाली. "तुला नुसतं शेजारी बसायचंय. तेवढंही होत नाही तुझ्याच्याने, मेल्या?"