केळीला घातलेलं पाणी

पनवेल सोडलं त्या सकाळी आई मला स्टँडवर पोचवायला आली नाही. गाडी सुटताना बघवणार नाही, म्हणाली. मी निघाले तेव्हा ती परसात उकडलेला माठाचा पाला पिळत होती आणि त्याचं हिरवं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतत होती. आमच्या केळीचे घड बघून अख्खी आळी जळायची. "पोचलीस की कळव, आणि तिथे अर्धंकच्चं काही खाऊ नकोस," एवढंच ती बोलली.

लेआताईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, दिवसागणिक पांढरी पडत गेली आणि बाळासकट गेली. आईनं काही कमी केलं नव्हतं. पोटुशीला पालेभाजी वातूळ, म्हणून आमची भाजी एकदा उकडायची आणि ताईची दोनदा, अगदी चोथा होईतो पिळून. देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आम्हा यहुद्यांसाठी नव्यानं झालेल्या इस्राएलला आल्यावर आधी छावणीतली पत्र्याची खोली, मग इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुण्याचं काम. दिवसभर मोडकीतोडकी हिब्रू, मराठी फक्त स्वप्नात आणि शिव्या देताना. छावणीतल्या कितीतरी गरोदर बायका ताईसारख्याच पांढऱ्या. आमचे डॉक्टर त्यांना एक पिवळी गोळी देऊन बघत होते, फॉलिक अ‍ॅसिडची, आणि रक्त पुन्हापुन्हा तपासत होते. झोळीतून आणलेली एक बाई काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी माझ्यापुढे आली आणि पाव मागू लागली. मला इतका आनंद झाला की गोळीत असतं तरी काय, असं मी डॉक्टरांना विचारलं.

आता कारखान्यात बनवतात, पण मूळ हिरव्या पानांतलंच, ते म्हणाले. मग पालाच खाल्ला तर? ते हसले. "खा की. पण फार उकळू नका. ते पाण्यात उतरतं. पाणी फेकलं की गेलं."

हातातली काचपट्टी कधी फुटली, मला कळलं नाही. डोळ्यांसमोर आमची केळ उभी राहिली, हिरवीगार, माजलेली.

आईला हे जन्मात कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. झाल्या गोष्टीला इलाज काय? पण थोड्याच दिवसांत तिचं पत्र आलं, भावाकडून लिहवलेलं. वहिनीला दिवस गेले होते. या खेपेला कसूर ठेवणार नाही, भाजी तीनदा उकडते, असं त्यात होतं. बोलावं तर आई खचेल, न बोलावं तर वहिनी जाईल. शेवटी लिहिलं की इथल्या डॉक्टरांचं नवं सांगणं आहे, भाजी थोड्या पाण्यात शिजवा, पाणी टाकू नका, आणि मुंबईहून या गोळ्या मागवा. ताईचं नाव काढलं नाही. पण आई शाळेत गेली नव्हती म्हणून तिला कुणी भोळी समजू नये.

पुढच्या वर्षी धाकटा मामा इथे राहायला आला. वहिनीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत, हे ऐकून मी रडले. मग तो म्हणाला, "एक मात्र कळलं नाही बघ. तुझं पत्र वाचून दाखवलं, तशी अक्का कोयता घेऊन उठली आणि परसातली केळ तोडली. घड लागलेला होता गं. का म्हणून विचारलं, तर म्हणते, फार पोसली होती मी हिला."

आईनं मला याबद्दल कधी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. घर म्हटलं की आता मला परसातली ती मोकळी जागा आठवते. इथे भाजी शिजवली की तिचं पाणी मी पेल्यात ओतते आणि तिथेच चुलीपाशी उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत पिते.